जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि वायफाय गायब: लॅपटॉपचं नाव नको, चिपचा नंबर सांगा

प्रश्न थोडक्यात असा: बाबांचा २००९ सालचा डेल इन्स्पिरॉन १५४५ माळ्यावर पडून होता, त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. आवाज, टचपॅड, स्क्रीन सगळं पहिल्या फटक्यात चाललं. वायफाय मात्र दिसतच नाही. राउटर वरच्या मजल्यावर, तिथवर लॅनची केबल पोचत नाही. ड्रायव्हर मॅनेजरने सुचवलेला ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर टाकून झाला, मग व्हिडिओ बघून सात-आठ कमांड मारल्या, पेनड्राइव्हवर एनडीआयएसरॅपर आणून विंडोजचा ड्रायव्हरही घुसवला. आता फॉरमॅट करायच्या बेतात आहात, आणि विचारताय की कार्ड मेलंय का, की दुकानदार म्हणाला तसा लॅपटॉप भंगारात द्यावा.

दोन्ही नको. कार्ड जिवंत आहे. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जे लांबलचक आउटपुट चिकटवलंय त्यातच ती ओळ आहे: ब्रॉडकॉम बीसीएम ४३१२, आणि पुढे चौकोनी कंसात १४ई४:४३१५. मेलेलं कार्ड स्वतःचं नाव सांगत नाही.

मी पुण्यात गेली पंधरा-सोळा वर्षं हेच करतोय. जुने लॅपटॉप घ्यायचे, धूळ काढायची, लिनक्स टाकायचं आणि शाळकरी पोरांना नाहीतर निवृत्त मंडळींना द्यायचे. यातला निम्मा वेळ वायफाय खातं, आणि त्यातलाही निम्मा वेळ आधी कुणीतरी केलेले उपचार निस्तरण्यात जातो. लोक लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावाने शोधतात, जे पहिलं सापडेल ते टर्मिनलमध्ये ओततात. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डं निघतात. वरचं झाकण सारखं असलं म्हणून काय झालं. औषध द्यायचं ते चिपला, आणि चिपची ओळख म्हणजे तो कंसातला नंबर.

तो मिळवायची कमांड तुम्ही मारलीच आहे: एलएसपीसीआय, त्यापुढे डॅश आणि एनएनके. (इथे कमांड उच्चाराप्रमाणे नागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत, सगळी लहान लिपी.) यूएसबीचं डोंगल असेल तर एलएसयूएसबी. नंबराचे पहिले चार आकडे कंपनीचे. एलएसपीसीआयमध्ये १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस, १०ईसी रिअलटेक, १८१४ रालिंक. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतलाय, आपल्याच प्रोसेसरची आठवण म्हणून. पुढचे चार आकडे नेमकी चिप सांगतात. यापुढे काहीही शोधायचं ते हे आठ आकडे टाकून शोधा.

आता तुमच्या ४३१५ बद्दल. या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे, त्याचं नाव बी४३. तुमच्या मिंटमध्ये तो आत्ता, या क्षणी हजर आहे. नाही ते फर्मवेअर. वायफाय कार्डावर एक छोटासा प्रोसेसर असतो, पण त्याने चालवायचा प्रोग्रॅम कायमचा साठवायला कार्डावर जागाच दिलेली नसते. तेवढेच चार पैसे वाचतात. त्यामुळे लॅपटॉप चालू झाला की दर वेळी ड्रायव्हर डिस्कवरून ती फाइल उचलतो आणि कार्डात भरतो. ड्रायव्हर हा पाटा धरला तर फर्मवेअर हा वरवंटा. नुसत्या पाट्यावर चटणी होत नाही.

मग मिंटवाले ती फाइल आधीच का देत नाहीत? कारण ब्रॉडकॉमने या जुन्या चिपांचं फर्मवेअर इतरांना वाटायची परवानगी दिलेली नाही. इंटेलने दिली, म्हणून इंटेलची कार्डं बहुतेक वेळा काही न करता चालतात. डेबियन या दुसऱ्या लिनक्सने जून २०२३ मधल्या १२व्या आवृत्तीपासून अमुक्त (कोड खुला नसलेलं) फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच घालायला सुरुवात केली, तरी हे त्यात नाहीच. मधला मार्ग असा निघाला की प्रत्येकाने आपापल्या मशीनवर ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरची मूळ फाइल उतरवायची आणि तिच्यातून फर्मवेअरचा तुकडा कापून घ्यायचा. या कापणाऱ्या अवजाराचं नावच फर्मवेअर-कटरवरून पडलंय: बी४३-एफडब्ल्यूकटर.

त्या उतरवण्यासाठी इंटरनेट लागतं, आणि तुमच्याकडे तेच नाही. इथे बहुतेक लोक अडकतात. पण अँड्रॉइड फोनची चार्जिंगची केबल लॅपटॉपला लावा, फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, पाच सेकंदांत मिंट त्याला लॅनची केबल समजून जोडून घेतं. कसलाही ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर तेच नेट पुढे जातं, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. केबल मात्र डेटावाली हवी. पॉवर बँकेबरोबर येणाऱ्या काही केबली नुसतं चार्जिंग करतात, आणि त्या नादात माणूस तासभर घालवतो.

नेट आलं की आधी साफसफाई. तुम्ही टाकलेला ब्रॉडकॉमचा बंद ड्रायव्हर (बंद म्हणजे ज्याचा कोड कंपनी दाखवत नाही, मोकळा म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला), त्याचं पॅकेज बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स, तो पुसायचा: सुडो एपीटी पर्ज आणि पुढे पॅकेजचं नाव. एनडीआयएसरॅपरही त्याच कमांडने काढा. विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये गुंडाळून चालवायची ती युक्ती एकेकाळी खरंच उपयोगी होती; मोकळे ड्रायव्हर नव्हते तेव्हा मीही वापरली. आज तुमच्या चिपसाठी तिची गरज नाही.

मग एक जागा हाताने तपासा, कारण पर्ज केल्यावरही तिथे कचरा उरलेला मी पाहिलाय. ईटीसी फोल्डरच्या आत मॉडप्रोब.डी नावाचं फोल्डर आहे. बंद ड्रायव्हर बसताना तिथे एक फाइल टाकतो आणि तीत बी४३ आणि त्याचे सोबती एसएसबी, बीसीएमए यांच्या नावाआधी ब्लॅकलिस्ट लिहितो. म्हणजे मोकळ्या ड्रायव्हरला दारातच अडवतो. व्हिडिओ बघून तुम्ही स्वतःही एखादी ओळ घातली असेल. ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारून बी४३ शोधा, ब्लॅकलिस्टची ओळ सापडली तर तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह ठेवा. हे राहून गेलं तर पुढचं सगळं अचूक करूनही काही होत नाही, आणि माणूस पुन्हा फॉरमॅटपाशी येतो.

आता मुख्य पॅकेज: सुडो एपीटी इन्स्टॉल फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर. ते स्वतःच मूळ फाइल उतरवतं, कापतं आणि लिब फोल्डरातल्या फर्मवेअरमध्ये बी४३ नावाच्या कप्प्यात ठेवतं. कधी कधी फाइल ठेवलेला सर्व्हर झोपलेला असतो आणि पॅकेज अर्ध्यावर थांबतं. तसं झालं तर बी४३-एफडब्ल्यूकटर पॅकेज वेगळं टाका, ब्रॉडकॉम-डब्ल्यूएल ५.१००.१३८ नावाची टार फाइल दुसरीकडून मिळवा, ती उलगडून आतल्या लिनक्स फोल्डरमधली डब्ल्यूएल-एपीएसटीए.ओ ही फाइल (नावात डॅश नाही, अंडरस्कोअर आहे) कटरला द्या. काम तेच, फक्त हाताने.

लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि डीमेसेज कमांडचं (ती कर्नलच्या नोंदी दाखवते) आउटपुट बी४३ शब्दावर गाळून बघा. फर्मवेअर नसेल तर तिथे तक्रार दिसते की यूकोड१५ नावाची फाइल सापडत नाही. काम झालं की त्याऐवजी दोन ओळी येतील: ब्रॉडकॉम ४३१२ सापडलं, कोअर रिव्हिजन १५, आणि त्याखाली फर्मवेअर आवृत्ती ६६६.२, तारीख २३ फेब्रुवारी २०११. हा ६६६ आकडा बघून एकाने मला व्हायरस शिरला म्हणून फोन केला होता. व्हायरस नाही, आवृत्तीच ती आहे. अजून एक घोळ आधीच सांगून ठेवतो: एलएसपीसीआयमध्ये वापरातला ड्रायव्हर म्हणून बी४३-पीसीआय-ब्रिज असं दिसेल. नुसतं बी४३ दिसत नाही म्हणून घाबरू नका, या पिढीच्या चिपांत तसंच दिसतं.

तुम्ही म्हणाल, ड्रायव्हर मॅनेजर स्वतः बंद ड्रायव्हर सुचवतो, मग तो का काढायचा? चालला तर तो चांगला चालतो, नाही म्हणत नाही. छोट्या अ‍ॅटम नेटबुकांवर याच ४३१२ चिपला बी४३ कधी कधी डीएमए एरर (मेमरीशी देवाणघेवाणीतली चूक) देतो, तिथे मी स्वतः बंद ड्रायव्हर टाकतो. पण ब्रॉडकॉमने त्याची शेवटची आवृत्ती २०१५ मध्ये काढली आणि विषय सोडून दिला. तेव्हापासून कर्नल बदलला की मिंट, डेबियनसारख्या वितरणांचे स्वयंसेवक त्याला ठिगळं लावतायत. एखादं ठिगळ वेळेत आलं नाही की सकाळी अपडेट, संध्याकाळी वायफाय गायब. बी४३ कर्नलच्या घरातलाच असल्याने कर्नलबरोबर तोही पुढे सरकतो.

या बी४३ ची कथा थोडी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रॉडकॉमने या चिपांची कागदपत्रं कधी दिली नाहीत. मग काही जणांनी कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याची टिपणं लिहिली, आणि तो ड्रायव्हर कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने फक्त ती टिपणं वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. चोरीचा आळ येऊ नये म्हणून ही सोवळ्यातली वाटणी. त्यातला पहिला, बीसीएम४३एक्सएक्स, २००६ मध्ये कर्नलमध्ये आला. बी४३ जानेवारी २००८ मध्ये, कर्नल २.६.२४ बरोबर. तुमच्या ४३१५ चा रेडिओ वेगळ्या जातीचा, कमी वीज खाणारा. त्याला डिसेंबर २००९ चा २.६.३२ कर्नल यावा लागला. म्हणजे बाबांनी लॅपटॉप घेतला त्या वर्षी त्याचा मोकळा ड्रायव्हर अजून घडत होता.

या कामात वर्षानुवर्षं राबलेले अमेरिकेतले लॅरी फिंगर जून २०२४ मध्ये वारले. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी बी४३ मध्ये एक छोटासा बदल केला, ज्यामुळे ही जुनी कार्डं डब्ल्यूपीए३ सुरक्षेच्या राउटरलाही जोडता येऊ लागली. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये, बंद ड्रायव्हर थांबला २०१५ मध्ये. त्याला हे कोण शिकवणार? तुमच्यासाठी बी४३ निवडायचं माझं मोठं कारण हेच.

यावरून आठवलं. कोथरूडमधल्या एका निवृत्त मास्तरांचा लॅपटॉप माझ्याकडूनच गेलेला, बंद ड्रायव्हरवर दोन वर्षं सुरळीत चालला. एक दिवस फोन आला: पासवर्ड बरोबर टाकतो, तरी पुन्हा पुन्हा पासवर्डच मागतोय. मी फोनवरून कीरिंग (साठवलेले पासवर्ड) पुसायला लावलं, नेटवर्क विसरायला लावलं, कर्नल मागे न्यायला लावला. शेवटी घरी गेलो तर कोपऱ्यात नवाकोरा राउटर. आठवड्यापूर्वी इंटरनेटवाल्याचा माणूस बदलून गेला होता आणि सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर ठेवून गेला होता. लॅपटॉपचं काही बिघडलंच नव्हतं. राउटर डब्ल्यूपीए२ वर आणला, चहा व्हायच्या आत नेट चालू. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न असतो: घरात अलीकडे काय बदललं?

राउटरच्या बाजूने आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. तुमचं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतं. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला कधीच दिसणार नाही, कितीही ड्रायव्हर बदला. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर २.४ ला वेगळं नाव देऊन टाका. आणि चॅनेल स्वयंचलित ठेवू नका. भारतात १२ आणि १३ चालतात, पण परदेशी बाजारासाठी बनलेली कितीतरी जुनी कार्डं ११ च्या पुढे बघतच नाहीत. मग फोनला नेटवर्क दिसतं, लॅपटॉपला नाही, आणि कधी दिसतं कधी नाही असं भुताटकीसारखं वाटतं. १, ६ किंवा ११ यांपैकी एक पक्का करा. वेगाची फार अपेक्षा नको: कागदावर ५४ मेगाबिट, हातात त्याच्या निम्म्याहून कमी. बाबांच्या बातम्या, मेल आणि साध्या व्हिडिओला पुरतं.

बटणाचं राहिलं. आरएफकिल लिस्ट मारा, वायफाय कुठे अडवलंय ते ती कमांड सांगते. सॉफ्ट ब्लॉक (सॉफ्टवेअरने अडवलेलं) असेल तर आरएफकिल अनब्लॉक ऑल. हार्ड ब्लॉक म्हणजे खरोखरचा स्विच किंवा फंक्शन की; तुमच्या कीबोर्डवर एफ२ वर वायफायचं चित्र असेल, ते एफएन दाबून दाबा. काही लॅपटॉपांत तो स्विचच मोडलेला असतो. त्यावर एक जुना इलाज आहे: मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्डाला ५२ पिना असतात, त्यातली २० नंबरची पिन वायफाय बंद करायचा इशारा आणते. तेवढीच पिन बारीक चिकटपट्टीने झाकली की कार्डाला स्विचचं बोलणं ऐकूच येत नाही. सम आकड्याच्या पिना एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला, हे लक्षात ठेवून दोनदा मोजा.

हेच उत्तर दुसरी चिप घेऊन बसलेले लोकही वाचतील, त्यांच्यासाठी भराभर. अथेरॉसवाले नशीबवान: एटीएच५के आणि एटीएच९के या ड्रायव्हरांच्या पीसीआय कार्डांना फर्मवेअरची फाइलच लागत नाही, दोन्ही २००८ पासून कर्नलमध्ये आहेत. इंटेलचं ३९४५ किंवा त्यानंतरचं कार्ड असेल तर लिनक्स-फर्मवेअर पॅकेज (डेबियनवर फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय) बसलंय का बघा, बस. इंटेलच्याच सेंट्रिनो लॅपटॉपांच्या पहिल्या काळातली २१०० आणि २२०० कार्डं चालतात, पण ती ज्या पेंटियम एम लॅपटॉपांत असतात ते ३२ बिटचे. डेबियनचा ३२ बिट इन्स्टॉलर १२व्या आवृत्तीतच थांबला, ऑगस्ट २०२५ च्या १३व्यात तो नाही. रिअलटेकचं यूएसबी डोंगल जोडलं जाऊन सारखं तुटत असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ फाइलमध्ये वायफाय पॉवरसेव्हचा आकडा ३ चा २ करा. विचित्र आहे, पण त्या फाइलीत २ म्हणजे बंद.

एवढं करून बी४३ ने त्रास दिलाच, तर लॅपटॉप बदलू नका, कार्ड बदला. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुट्या भागांच्या दुकानात जुनी मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्डं पडलेली असतात. अथेरॉस एआर९२८५ मागा. ५ गिगाहर्ट्झ हवं असेल तर इंटेल ७२६०, पण त्याची मिनी पीसीआय एक्स्प्रेसवाली आवृत्ती, एचएमडब्ल्यू. कार्ड पूर्ण लांबीचं आहे की अर्ध्या, हे जुनं काढून मोजूनच जा. काही कंपन्यांचे लॅपटॉप बायॉसच्या (लॅपटॉप चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) यादीत नसलेलं कार्ड दिसलं की चालूच होत नाहीत, म्हणून घेण्याआधी आपल्या मॉडेलला तसली यादी आहे का ते शोधा. हे एक काम मात्र मॉडेलच्या नावाने शोधायचं. यूएसबी डोंगल घेताना खोक्यावर विश्वास नको: टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन च्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ आहे, जी सरळ चालते, दुसरीपासून त्याच नावाच्या खोक्यात रिअलटेकची चिप आहे.

कार्ड बदलताना बॅटरी काढा, मग झाकण. कार्डावर काळी आणि पांढरी अशा दोन बारीक वायरी टिकलीएवढ्या गोल कनेक्टरने बसवलेल्या असतात, त्या अँटेनाच्या. मी पहिल्यांदा ती पकडीने ओढली आणि वायरीसकट टिकली हातात आली. तो लॅपटॉप पुढे डोंगलवरच चालला. नखाची कड खाली सरकवून सरळ वर उचलायची, तिरकी ओढायची नाही. बसवताना टिकलीवर टिकली नेमकी ठेवून बोटाने दाबायची, टक् असा अगदी हलका आवाज येतो. आला नाही तर बसलेली नाही, आणि मग राउटरच्या खोलीत सिग्नल पूर्ण, बाजूच्या खोलीत शून्य अशी नवीनच तक्रार सुरू होते.

सध्या फोनची केबल लावा, पर्ज आणि मॉडप्रोब.डी ची सफाई करा, मग फर्मवेअरचं पॅकेज. रीस्टार्टनंतर डीमेसेजमध्ये ६६६.२ ची ओळ दिसली नाही तर ते आउटपुट आणि आरएफकिल लिस्टचं आउटपुट जसंच्या तसं पाठवा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, मजकूर हवा.